ऑगस्टचा हिशोब फेब्रुवारीच्या वहीत मांडू नकोस

या वेळचं पत्र सांगलीहून आलंय. बरंच मोठं होतं, त्यातलं कामापुरतं इथं देते.

"मावशी, मी सांगलीत गावभागात राहते, वय ४३, मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशोबाचं काम बघते. घरी नवरा, दहावीतला मुलगा आणि सासूबाई. एक ऑगस्टला ठरवलं होतं की या महिन्यात चार पुस्तकं वाचायची, रोज रात्री वहीत एक पान लिहायचं आणि दोन वर्षं अर्धवट पडलेली कथा पुरी करून दिवाळी अंकाला पाठवायची. काल ३१ तारीख झाली. रात्री बसून महिन्याचा आढावा घेतला तर काय, वाचनालयातून आणलेल्या दोन पुस्तकांपैकी एक पान ६२ पर्यंत, दुसरं उघडलंच नाही, माझी स्वतःची पुस्तकं जुलैतच माळ्यावर टाकलेली ती तिथंच, कथा होती तिथंच, दिवाळी अंकाची तारीख गेली. आणि वहीत काय लिहिलंय तर पाण्याची पातळी आणि दुधाचा हिशोब. मैत्रिणी महिनाभरात वाचलेल्या पुस्तकांचे फोटो टाकतात ते बघून कसंतरी होतं. २०१९ ला माहेरून आणलेली दोन ट्रंका पुस्तकं गेली, ते असो. पण आता तर पुस्तकं पण आहेत, घर पण कोरडं राहिलं, मग माझ्याच्यानं का होत नाही? मी आळशी झालेय का? वहीतली चार पानं फोटो काढून पाठवते, बघा आणि खरं सांगा, हे सोडून द्यावं का?"

अगं ताई,

आधी तुम्ही-तुम्ही करून अर्धं उत्तर लिहिलं, मग खोडलं. मला जमत नाही ते, माझी धाकटी बहीण तुझ्यापेक्षा मोठी आहे, तेव्हा तू च म्हणते.

तुझं पत्र आलं तेव्हा इकडं साताऱ्यात अकरावा का बारावा दिवस होता पावसाचा, अजिंक्यतारा दिसत नव्हता, दोरीवरचे कपडे तीन दिवस तसेच ओले आणि घरभर तो कुबट वास. मी पत्र वाचलं आणि पहिला विचार काय आला सांगू का, की आमच्याकडे जो पाऊस पडतोय त्याची धास्ती तू घेऊन बसलीयस. खरंच आहे की नाही. आमची वेण्णा माहुलीला कृष्णेत जाते, कोयना कराडला प्रीतिसंगमावर मिळते, आणि ते सगळं मग तुझ्या आयर्विन पुलाखाली येतं. आम्ही इथं भजी तळतो, तू तिथं सिलेंडर वरच्या मजल्यावर नेतेस.

आता तुझा प्रश्न. आळशी झालीयस का, तर नाही. पण नुसतं नाही म्हणून सोडत नाही, कारण तू हिशोबाची बाई आहेस, तुला आकडा दाखवल्याशिवाय पटणार नाही. तुझ्याच पत्रातनं दाखवते.

तू एका वाक्यात लिहिलंयस की तुझी पुस्तकं जुलैतच माळ्यावर टाकली. आणि जरा पुढं जाऊन स्वतःला विचारतेस की ऑगस्टमध्ये वाचून का झाली नाहीत. आता मला सांग, ज्या बाईनं स्वतःच्या हातानं पुस्तकं खोक्यात भरली, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळली, दोरी बांधली आणि शिडी लावून माळ्यावर चढवली, ती बाई त्या महिन्यात वाचायला बसणार होती का? तुझ्या हातांना जुलैतच माहीत होतं की हा महिना वाचायचा नाही, हा राखणीचा आहे. फक्त डोक्याला एक ऑगस्टला काय वाटलं कुणास ठाऊक, बहुतेक ते फोटो बघितले असशील.

आणि ती वाचनालयाची दोन पुस्तकं, मूळ पत्रात लिहिलंयस की कॅरीबॅगेत घालून दारामागच्या वरच्या खिळ्याला अडकवली होती, भिजली तर भरून द्यावी लागतील म्हणून, आणि त्यातलं एक तू रोज उभ्याउभ्या काढून चार पानं वाचून परत अडकवायचीस. हे मी दोनदा वाचलं. ६२ पानं अशी वाचलीयस तू! दार उघडं, एक कान बाहेर, भाकरीचं पीठ लागलेला हात पदराला पुसून. माझ्या लेखी ही ६२ पानं कुणाच्या तरी कॉफीच्या मगशेजारच्या अकरा पुस्तकांपेक्षा जड आहेत. (त्या फोटोंचं एक बघितलंयस का, अकराही पुस्तकांवर ऊन एकाच दुपारचं असतं. असो, वाचत असतील बिचाऱ्या, आपण कशाला बोला.)

सांगलीच्या बाहेरच्या वाचकांना जरा सांगते, म्हणजे तुझी वही त्यांना कळेल. सांगलीत पावसाळ्यात लोक एकमेकांना 'कसं काय' असं विचारत नाहीत, 'किती फूट' असं विचारतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात, ४० फुटाला इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ च्या वर गेली होती. त्याआधी २००५ झालं होतं, नंतर २०२१ च्या जुलैत परत. म्हणजे तुझ्या मुलानं दहावीला येईस्तोवर दोनदा घर उचललेलं बघितलंय. तिथं नदीकाठच्या घरात कितवी पायरी म्हणजे किती फूट, कुठला बोळ कधी बंद होतो, हे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. आणि नुसतं वरून येणारं पाणी नाही, खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते, आणखी खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा, तिथं तुंबलं की इकडं उतरत नाही. म्हणजे पाऊस थांबला तरी माणूस निवांत झोपत नाही.

आता तुझ्या वहीची पानं. तू फोटो पाठवलेस ते मी मोठे करून करून वाचले, चष्मा लावून, आणि अक्षर किती छान आहे गं तुझं, अडत दुकानात काम करणाऱ्या माणसाचं अक्षर असंच लागतं, आकडा सातचा एकचा वाटायला नको. त्यातल्या तीन ओळी इथं देते, परवानगी दिलीयस म्हणून.

१९. सकाळी २९. संध्याकाळी ३३. दूध १ लिटर जादा.

२०. ३६. सिलेंडर वर नेला. आईंच्या गोळ्या पिशवीत. पोराची वह्यापुस्तकं दप्तरातच ठेवायला सांगितली.

२१. रात्री २.१०. बोळाच्या तोंडाची पायरी दिसते. अण्णा आधीच येऊन बसलेत.

आणि तू म्हणतेस वहीत काही लिहिलंच नाही.

मी तुझी उगाच स्तुती करणार नाही, चार ओळी लिहिल्या म्हणून कुणी लेखक होत नाही आणि पाण्याचे आकडे ही काही कविता नाही. पण रोज एक पान लिहायचं असं ठरवून लोक जे लिहितात ना, ते मी बघितलंय, माझंही तसलंच असायचं, आज मन उदास होतं, पावसाकडे बघत बसले, जीवन म्हणजे काय वगैरे. वर्षभरानं काढून वाचलं की कुठल्या दिवसाचं आहे तेच कळत नाही, कुठल्याही दिवसाला चिकटवा. तुझ्या ओळीचं तसं नाही. दूध एक लिटर जादा का घेतलं, हे मला सातारला बसून कळलं. उद्या दूधवाला आला नाही तर. बोळ बंद झाला तर. तेवढ्या चार शब्दांत तुझी अख्खी संध्याकाळ आलीय.

तू तुझ्या वाचनाचं आणि संसाराचं खातं वेगळं मांडलंयस, एकीकडं जमा दुसरीकडं नावे, आणि दूध-पाणी-गोळ्या हे सगळं नावे टाकून दिलंस, म्हणून शिल्लक शून्य येते. तुझ्याच गावच्या ताराबाई भवाळकर, २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या ९८ व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या, त्यांनी आयुष्य ज्या लोकसाहित्यात घालवलं ते सगळं कुठून आलंय? जात्यावर बसलेल्या बायकांकडून. दळण आधी उरकते आणि मग वेळ काढून ओवी म्हणते, असं कुठल्या बाईनं म्हटल्याचं ऐकलंयस का? जातं फिरायला लागलं की ओवी यायची. पीठ आणि ओवी एकाच बैठकीत. आपण मात्र टेबल, दिवा, बंद दार आणि एक निवांत तास मिळाला तरच ते लिहिणं असं धरून बसतो, आणि तो तास तर काही येत नाही.

माझं एक सांगते, हसू नकोस. मी बरीच वर्षं वाचलेल्या पुस्तकांची वही ठेवायचे, वर्षाला ४० चा नेम. नंबर, नाव, तारीख, पानं. नोकरीत होते, ह्यांची बदली, मुलं लहान, तरी दरवर्षी ४० व्हायची आणि मला काय गर्व. निवृत्त झाल्यावर एकदा ती वही घेऊन बसले आणि लक्षात आलं की दरवर्षी डिसेंबरात आठ-नऊ पुस्तकं आहेत आणि सगळी शंभर पानांच्या आतली! बारीक-बारीक शोधून आणायचे मी, चाळीस भरायला. एक तर चक्क मुलांचं चित्रांचं पुस्तक होतं, २४ पानांचं, त्याला पण नंबर दिलेला, ३९. आणि जे जाडजूड पुस्तक मला वाचायचं होतं ते सात वर्षं कपाटात, का, तर त्याला दोन महिने गेले असते आणि आकडा पडला असता. त्या दिवशी वही बंद केली. आता मी नुसतं पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहिते, कुठं थांबले, कधी, आणि त्या वेळी घरात काय चाललं होतं. स्वतःच्या पुस्तकावर बरं का, वाचनालयाच्या नाही, तिथं ओरडा खाल्लाय मी, आमटीच्या डागावरून.

आता ते अर्ध्या ओळीत टाकून पुढं गेलीस त्याबद्दल. दोन ट्रंका पुस्तकं गेली, ते असो.

ते असो नाही ताई. तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात मला हीच ओळ जास्त टोचली. माहेरून आणलेली पुस्तकं, म्हणजे लग्नाआधीची, म्हणजे आतल्या पानावर तुझं माहेरचं आडनाव लिहिलेलं असणार, शाळेत बक्षीस मिळालेलं एखादं, वडिलांनी दिलेलं एखादं. त्या महापुरात शहरातल्या जुन्या वाचनालयाची पण हजारो पुस्तकं भिजली, ते निदान पेपरात तरी आलं. तुझ्या दोन ट्रंका कुठं आल्या? घर धुताना, गाद्या फेकताना, पंचनामे होताना पुस्तकांचं नाव काढायची पण लाज वाटली असेल, लोकांची जनावरं गेली आणि ही पुस्तकं काय घेऊन बसलीय. म्हणून तू तेव्हापासून ते असो म्हणतेयस. आणि दर ऑगस्टला तुला वाचन होत नाही. मला यात काही गूढ दिसत नाही, ज्या महिन्यात पुस्तकं बुडाली त्या महिन्यात पुस्तक हातात धरवत नाही, एवढंच. नवी पुस्तकं आली म्हणून जुन्या पुस्तकांचं काही फिटत नाही.

एक काम कर. त्या दोन ट्रंकांत काय काय होतं त्याची यादी कर. आठवेल तसं, दुधाच्या वहीतच. नाव आठवत नसेल तर निळं कव्हर, आतून पान फाटलेलं असं लिही. एका बैठकीत होणार नाही, भाजी चिरताना आठवेल, बसमध्ये आठवेल. मला तर वाटतं पुढच्या महिन्याचं लिहिणं हेच असू दे, दुसरं काही नको.

आता जरा तुझ्या बाजूनं नाही बोलणार. तू लिहिलंयस की १८ ते २४ या आठवड्यात रात्री फोन हातातनं सुटला नाही, कोयनेतून किती क्युसेक सोडलं, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात काय चाललंय, ग्रुपवर व्हिडिओवर व्हिडिओ. हे मात्र कमी कर बाई. त्यातले निम्मे व्हिडिओ जुने असतात, २०१९ चे उचलून दरवर्षी फिरवतात, पूल तोच, पाणी तेच, वर नुसतं आत्ताच म्हणून लिहायचं. पातळी बघायची तर पाटबंधारे खात्याचा किंवा प्रशासनाचा आकडा दिवसातनं ठरलेल्या वेळी तीनदा बघ, सकाळी, संध्याकाळी, झोपताना. पाणी चढतंय म्हणून सांगितलं तर आणखी एकदा, आणि निघा म्हणाले तर आधी निघायचं, तिथं पुस्तकंबिस्तकं काही नाही. पण मधल्या वेळात चाळीस वेळा स्क्रीन वर-खाली करून पाणी काही कमी होत नाही, आणि तो वेळ जोडला ना तर, तुला सांगायला नको, हिशोब तुझा तू कर.

आणि सासूबाईंचं. दर अर्ध्या तासाला विचारतात, पाणी कुठवर आलं गं, आणि तुझा जीव वैतागतो, असं लिहिलंयस. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, वाचता येत नाही, टीव्हीवर त्याच बातम्या, म्हातारं माणूस दुसरं काय विचारणार. त्यांना वाचून दाखव. मी खरंच सांगतेय. माझी आई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला होती, मी रात्री नऊला बसायचे आणि वीस मिनिटं मोठ्यानं वाचायचे. मोठ्यानं वाचलं की वीस मिनिटांत सहा-सात पानं होतात. तुझ्या भाषेत, रोज सहा धरली तर महिन्याला १८०. म्हणजे एक पुस्तक, ते पण दोघींचं. पहिले चार दिवस आई मध्येच काहीतरी बोलायची, दुधाला विरजण लावलं का, कडी घातली का, मी चिडायचे, मग सवय झाली, तिला आणि मला पण. नंतर नंतर तर ती मला आदल्या दिवशी कुठं थांबलो ते सांगायची, मला आठवायचं नाही. काय वाचायचं त्याचा फार विचार नको, खिळ्यावरचं जे आहे ना ६२ पानांवरचं, त्यातलंच पुढचं वाच, मागची गोष्ट तोंडी सांग. आणि अगदीच काही नाही तर भिंतीवरच्या कालनिर्णयची मागची पानं वाच, १९७३ पासून किती घरांत बायकांनी तेवढंच वाचलंय, भाजी निवडता निवडता, त्याला कुणी वाचन म्हणत नाही ही गोष्ट वेगळी.

मुलगा आणि नवरा त्या वीस मिनिटांत आपापलं ताट उचलतील. हे तू त्यांना सांगायचं, विचारायचं नाही. दहावीतला मुलगा म्हणजे काही लहान नाही, तुझ्या वहीत सगळ्यांचं आहे, आईंच्या गोळ्या, पोराच्या वह्या, तुझं स्वतःचं काय उचलून वर ठेवलंस ते एका ओळीत पण नाही.

दिवाळी अंकाचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण बघ ना, बहुतेक अंकांच्या तारखा जुलै-ऑगस्टातच संपतात, दिवाळीच्या आधी छापून व्हायला पाहिजे म्हणून. १९०९ ला मनोरंजन मासिकाचा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हापासूनची ही रीत, आणि ज्यानं कुणी ह्या तारखा ठरवल्या त्याचं घर नदीकाठी नसणार हे नक्की. तू पुढच्या वर्षी मार्च-एप्रिलमध्येच पाठव. फेब्रुवारी ते मे हे तुझे महिने. यार्डात हळदीची, बेदाण्याची गडबड असते तेव्हा, ते मला माहीत आहे, कामावरनं दमून येशील, पण दमणं वेगळं आणि कान टवकारून बसणं वेगळं. दमलेल्या माणसाला पान लिहिता येतं. तू दर महिन्याला सारखीच चार पुस्तकं लावलीस, जणू बारा महिने सारखेच. शेतकरी असं करतो का? ऑगस्टचा हिशोब फेब्रुवारीच्या वहीत मांडलास तर तूट येणारच.

म्हणून आढावा ३१ तारखेला घ्यायचाच नाही, निदान पावसाळ्यात नाही. ज्या दिवशी माळ्यावरनं खोकी खाली येतील त्या दिवशी घे. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर सगळं मिळून एकदाच. आणि घ्यायचा कसा, तर पुस्तकं मोजून नाही, फोनची गॅलरी उघड आणि मागं मागं सरकवत जा. तू काढलेले फोटो असतील, पुलावरनं पाणी, औषधाची पट्टी, वाचनालयाच्या पुस्तकाची परत करायची तारीख, कुणाच्या तरी भाताच्या पातेल्याचा फोटो, गणपतीत तुमच्याकडचा चोर गणपती येतो ना देवळात, गाजावाजा न करता, चतुर्थीच्या आधीच येऊन बसतो, त्याचा एखादा. एकेका फोटोला एक ओळ. बस. माझी शेजारीण असं करते आणि तिचं एक पान वाचून मला तिचा महिना तिच्यापेक्षा जास्त कळतो.

खोक्यांचं पण थोडं सांगते, मी वाचनालयात २२ वर्षं होते म्हणून. सगळी पुस्तकं माळ्यावर टाकू नकोस, तीन खाली ठेव, दप्तरात मावतील एवढी, घर सोडायची वेळ आली तर विश्रामबागला नाहीतर मिरजेला नातेवाइकांकडे जाताना बरोबर येतील. वर टाकायच्या आधी कणे दिसतील असा प्रत्येक खोक्याचा फोटो काढून ठेव, २०१९ सारखं परत आठवत बसायला नको. आणि देव करो वेळ न येवो, पण कधी भिजलीच तर घाईनं पानं सोडवायला जायचं नाही, फाटतात. आधी हातात मोजे घाल, पुराचं पाणी घाण असतं. पुस्तक उभं करायचं, पानं पंख्यासारखी थोडी उघडी, मध्ये मध्ये कोरा कागद घालायचा आणि तो ओला झाला की बदलत राहायचा, सावलीत, पंख्याखाली, कडक उन्हात नाही, उन्हात कागद वेडावाकडा होतो. दोन दिवसांच्या आत हे केलं तर बुरशीला जरा तरी आवर बसतो. एकदम खूप असतील तर जेवढी मावतील तेवढी पिशवीत घालून फ्रीजरमध्ये, वीज असली तर, म्हणजे बुरशी थांबते आणि सावकाश एकेक काढता येतं. गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची पुस्तकं फ्रीजरमध्ये पहिली, ती वाळली की पानं एकमेकांना कायमची चिकटतात. २०१९ ला हे कुणी कुणाला सांगितलं नाही, सगळ्यांनी उन्हात गच्चीवर पसरली.

सोडून द्यावं का विचारलंस. कथा सोड, मला वाटतं. दोन वर्षं जी अर्धी पडलीय तिच्यात तुझा जीव नाहीये, तू पत्रात तिच्याबद्दल एक शब्द लिहिला नाहीस, कशावर आहे ते पण नाही. पाण्याबद्दल मात्र दीड पान.

आणि ते २१ तारखेचं. रात्री दोन वाजून दहा मिनिटं, तू बॅटरी घेऊन बोळाच्या तोंडाशी गेलीस, पायरी दिसत होती, आणि अण्णा आधीच येऊन बसले होते. कोण हे अण्णा, शेजारचे का? कधीपासून बसले होते? तू पण बसलीस का त्यांच्याशेजारी, का तशीच परत आलीस? काही बोलले का? पुढची ओळ एकदम २२ ची आहे, सकाळी ३५, दूध नेहमीचं. मध्ये काय झालं ते मला लिहून पाठव, या पत्त्यावरच पाठव, घाई नाही, खोकी खाली आली की.

तुझी,
सातारची मावशी